लेबल झाकल्यावर: पॅरिसमधल्या एका वाइन दुकानाचं प्रकरण

वाइनच्या दुकानात मोसमी टेस्टिंगला गेलात, तर पेला नाकाशी नेण्याआधी एक प्रश्न विचारावा: ही बाटली कुणी आणली आणि कशासाठी? युरोप-अमेरिकेतल्या गल्लीबोळातल्या दुकानांत हा प्रकार नित्याचा आहे. वसंतात रोझे, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी नवी बोजोले, थंडी पडली की धुरकट व्हिस्क्या, नाताळच्या तोंडावर शँपेन. बऱ्याचदा बाटल्या घेऊन वितरकाचाच माणूस येतो आणि बाटलीबरोबर तिची गोष्टही आणतो. दुकानदाराला गोदामातला माल हलवायचा असतो. यात लबाडी आहे असं मला म्हणायचं नाही. फुकटच्या घोटाचं बिल कुणीतरी भरतच असतं. पण अशा संध्याकाळी चांगलं काय आणि किती चांगलं, हे पाहुण्यांच्या आधीच ठरून बसलेलं असतं.

इथे मांडलेलं प्रकरण याच्या बरोबर उलट आहे. एका छोट्या दुकानदाराने प्रसिद्धीसाठी टेस्टिंग भरवलं. तो जे विकत नव्हता ते जिंकलं आणि ज्यावर त्याचं पोट होतं ते हरलं. वाइनच्या इतिहासात पॅरिसचं हे टेस्टिंग शंभरदा सांगून झालं आहे, पण बहुधा ‘अमेरिकेने फ्रान्सला हरवलं’ या थाटात. मला त्यातल्या दुकानदारीत जास्त रस आहे.

दुकान आणि दुकानदार

स्टीव्हन स्परियर हा १९४१ साली जन्मलेला इंग्रज. विशीतच लंडनच्या वाइन व्यापारात पडला आणि १९७०च्या सुमारास पॅरिसला येऊन त्याने मादलेन चौकाजवळच्या सिते बेरिये नावाच्या बोळातलं ‘काव्ह द ला मादलेन’ हे जुनं दुकान विकत घेतलं. पॅरिसमध्ये इंग्रज माणसाने वाइन विकायची, म्हणजे कोल्हापुरात बाहेरच्याने येऊन तांबडा रस्सा विकण्यासारखं. त्याने हाच परकेपणा गिऱ्हाईक मिळवायला वापरला. पॅरिसमधल्या इंग्रजी वर्तमानपत्रात ‘तुमचा वाइनवाला इंग्रजी बोलतो’ अशी जाहिरात दिली. परदेशी कंपन्यांतले नोकरदार, वकिलातींतले लोक, पत्रकार दुकानात येऊ लागले. त्यांना फ्रेंच वाइन आवडायची, पण फ्रेंच दुकानदाराला विचारायची भीती वाटायची. त्यांना शिकवायला त्याने १९७३ मध्ये दुकानाला लागूनच ‘आकादेमी द्यु व्हँ’ ही शाळा काढली. वर्गात चाखलेलं शेजारच्या दारातून विकत घेता येई. धंदा म्हणून ही जोडी मला फार हुशारीची वाटते. शाळेमुळे दुकानाला गिऱ्हाईक मिळे, आणि दुकान असल्याने शाळेत कोरडं व्याख्यान होत नसे.

शाळा चालवायला त्याच्याबरोबर पॅट्रिशिया गॅलाघर ही अमेरिकन बाई होती. १९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष. त्या निमित्ताने कॅलिफोर्नियातल्या नव्या वाइन फ्रेंच जाणकारांपुढे ठेवाव्यात, ही कल्पना तिच्याकडून आली. १९७५ मध्ये ती तिथे जाऊन काही वायनऱ्या पाहून आली. १९७६च्या वसंतात स्परियर स्वतः गेला आणि त्याने शार्दने (पांढरी) आणि काबर्ने सोव्हिन्यों (लाल) या दोन द्राक्षांच्या बाटल्या निवडल्या, पैसे मोजून घेतल्या. त्या काळी पॅरिसमध्ये या वाइन मिळतच नसत. फ्रेंच कस्टममधून इतक्या बाटल्या काढायच्या कशा, हा प्रश्न होता. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियातल्या वाइनवाल्यांचा एक गट आंद्रे चेलिश्चेफ या बुजुर्ग वाइनतज्ज्ञाबरोबर फ्रान्सच्या सहलीला निघाला होता. बाटल्या त्यांच्या सामानातून आल्या.

आता हिशोब बघा. स्परियरकडे कॅलिफोर्नियाचा माल नव्हता, त्यामुळे ती वाइन जिंकली तरी दुसऱ्या दिवशी त्याला एक बाटली विकता येणार नव्हती. त्याचं पोट चालत होतं बोर्दो आणि बर्गंडी या फ्रेंच प्रदेशांच्या वाइनवर. शिवाय कॅलिफोर्निया जिंकेल असं त्याला स्वतःलाही वाटत नव्हतं. पाहुण्यांनी ‘पोरं बरी वाइन करायला लागलीत’ एवढं म्हटलं, चार ओळी छापून आल्या, दुकानाचं आणि शाळेचं नाव झालं, की काम झालं, एवढाच त्याचा बेत होता.

२४ मे १९७६, सोमवार दुपार

जागा हॉटेल इंटरकॉन्टिनेन्टलची, ओळखीतून फुकट मिळालेली. संध्याकाळच्या आत हॉल रिकामा करायचा होता. परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच आणि सगळे आपापल्या क्षेत्रातले दादा. बर्गंडीतल्या सगळ्यांत प्रतिष्ठेच्या द्राक्षमळ्याचा सहसंचालक ओबेर द व्हिलेन, बोर्दोच्या शातो जिस्कूरचा पिएर तारी, कुठल्या वाइनला कोणत्या प्रदेशाचं नाव लावता येईल हे ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा पिएर ब्रेजू, ‘तूर दार्जां’ या रेस्तराँचा सोमेलिए (वाइन सुचवणारा, वाढणारा) क्रिस्तियाँ व्हानेके, ‘ग्राँ व्हेफूर’चा मालक-शेफ रेमाँ ऑलिव्हेर, वाइनच्या मातब्बर फ्रेंच मासिकाची संपादिका ओदेत कान आणि आणखी काही जण. स्परियर आणि गॅलाघर यांनीही गुण दिले, पण निकालाची बेरीज फक्त नऊ फ्रेंचांची धरली.

या मंडळींना बोलावलं होतं कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखायला. सगळे जमल्यावर स्परियरने सांगितलं की मधे मधे काही फ्रेंच वाइनही ठेवल्या आहेत आणि लेबलं झाकून चाखायचं आहे, हरकत नाही ना? कुणीच हरकत घेतली नाही. मला हा त्याचा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. नाव वाचून चाखलं असतं तर पाहुणे कॅलिफोर्नियाच्या वाइनबद्दल सौजन्याने दोन बरे शब्द बोलून घरी गेले असते. तुलनेला ठेवलेल्या फ्रेंच बाटल्याही त्याने ऐऱ्यागैऱ्या निवडल्या नव्हत्या. पांढऱ्यांत बर्गंडीच्या म्यर्सो शार्म, बातार-माँत्राशे, प्युलिन्यी-माँत्राशे. लालमध्ये बोर्दोच्या मूताँ रॉथशिल्ड आणि ओ-ब्रियाँ, दोन्ही १९७०च्या. नुसती लेबलं झाकून भागणार नव्हतं, कारण अमेरिकन बाटलीचा आकारही चुगली करतो. म्हणून वाइन साध्या, बिननावाच्या बाटल्यांत ओतून घेतली. गुण वीसपैकी: रंग, वास, चव आणि एकूण मेळ.

पत्रकार एकच आला, ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्याने शाळेत स्परियरचा वर्ग केला होता, म्हणून मुरवतीने आला. बाकीच्यांनी निकाल ठरलेलाच आहे म्हणून पाठ फिरवली. टेबरच्या हातात मात्र ओतण्याच्या क्रमाची यादी होती, त्यामुळे कोण कोणत्या पेल्याबद्दल काय बोलतंय हे खोलीत कळणारा तो जवळजवळ एकटाच. ऑलिव्हेरने एक घोट घेतला आणि ‘आहा, आता आलो फ्रान्सला परत!’ असं म्हटलं. पेल्यात कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची १९७२ची शार्दने होती. दुसऱ्या एकाने एका पेल्याला वासच नाही, ही नक्की कॅलिफोर्निया, असं ठणकावून सांगितलं. ती बातार-माँत्राशे निघाली.

हे वाचून हसू येतं, पण त्या माणसांना अडाणी ठरवणं चूक होईल. त्यांची जीभ चांगलीच होती. त्या जिभेने जे चांगलं म्हणून ओळखलं ते त्यांच्या डोक्यातल्या नकाशावर नव्हतं, इतकंच.

पांढऱ्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो मॉण्टेलीना, १९७३ची. ती बनवणारा माइक गर्गिच क्रोएशियातून अमेरिकेत आलेला. दुसरी म्यर्सो शार्म. तिसरी-चौथी पुन्हा कॅलिफोर्निया. लालमध्ये पहिली स्टॅग्ज लीप, तीही कॅलिफोर्नियाची आणि १९७३ची. ती वॉरेन विनियार्स्कीची, आणि हा गृहस्थ आधी शिकागो विद्यापीठात शिकवत होता. त्याच्या मळ्यात वेली लावल्या होत्या १९७०ला, म्हणजे जेमतेम तीन वर्षांच्या वेलींची द्राक्षं. दुसरी मूताँ रॉथशिल्ड.

ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरने दिली नाही.

नियोजनात काय चुकलं

या टेस्टिंगची कीर्ती इतकी आहे की त्याच्या मांडणीतल्या भेगांकडे कुणी फारसं बघत नाही. धंदा करणाऱ्याने त्या बघितल्या पाहिजेत, कारण आजही दुकानादुकानांत नेमकं हेच चुकतं.

पहिली गोष्ट प्रमाणाची. दोन्ही गटांत सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्सच्या बाटल्या होत्या. सहा तिकिटं काढणाऱ्याला चार काढणाऱ्यापेक्षा बक्षीस लागण्याची शक्यता जास्त असणारच. मात्र शेवटचे क्रमांकही मोठ्या भागाने कॅलिफोर्नियाच्याच वाट्याला आले, हेही विसरू नये: पांढऱ्यांत नववी-दहावी कॅलिफोर्नियाची, लालमध्ये सातवीपासून दहावीपर्यंत सगळ्या कॅलिफोर्नियाच्या. ‘कॅलिफोर्निया जिंकली’ यापेक्षा ‘कॅलिफोर्नियाच्या दोन वाइन जिंकल्या’ हे जास्त खरं.

त्याहून मोठी गफलत मध्यंतरात झाली. सगळे निकाल शेवटी सांगायचे होते. पण पांढऱ्यांनंतर वेटरांना टेबलं आवरायला वेळ लागत होता, तेव्हा स्परियरने मोकळा वेळ भरायला पांढऱ्यांचा निकाल वाचून दाखवला. आता नऊ फ्रेंच माणसांना कळलं की आपण कॅलिफोर्नियाला पहिला नंबर देऊन बसलो आहोत, आणि समोर लालचे दहा पेले आहेत. पुढची फेरी चाखण्याची राहिली नाही, ओळखण्याची झाली. परकी वाटली की गुण कापायचे. लालच्या पत्रिकांत काही वाइनना वीसपैकी दोन इतके खालचे गुण पडलेले दिसतात. एवढं करूनही स्टॅग्ज लीप पहिली आली, आणि ती फ्रेंच समजून वर गेली असणं अगदी शक्य आहे. कधी कधी मला वाटतं, निकाल मधेच फोडला नसता तर लालमध्ये मूताँ सहज पहिली आली असती. सिद्ध करता येणार नाही. पण लेबल झाकूनही परीक्षकाच्या मनात लेबल परत कसं शिरतं, ते इथे स्वच्छ दिसतं.

तिसरी बाब गणिताची. लालमध्ये पहिल्या-दुसऱ्यातला फरक नऊ जणांच्या बेरजेत १२७.५ विरुद्ध १२६ एवढाच होता. दीड गुण! त्यातही गुण द्यायची प्रत्येकाची चाल वेगळी. समजा, एक परीक्षक दोनपासून सतरापर्यंत गुण पसरतो, दुसरा दहा ते पंधराच्या आत फिरतो. नुसती सरासरी काढली तर पहिल्याचं मत दुसऱ्यापेक्षा कितीतरी जड होतं. ऑर्ली ॲशनफेल्टर आणि रिचर्ड क्वांट या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे हाच मुद्दा मांडून गुणांऐवजी प्रत्येकाचे क्रमांक जोडावेत असं सुचवलं. मग २००८ साली रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या परीक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा पुढे केली, तर तिन्ही वेळा जवळपास सारखं मत देणारा दहांत एखादाच निघाला. दीड गुणाच्या फरकावर देशांची जय-पराजयाची गोष्ट उभी राहते, ती या जमिनीवर.

तरीही टेस्टिंग खोटं ठरत नाही. पहिल्या चारांतल्या वाइन एका तोलाच्या होत्या एवढं त्यातून नक्की कळलं, आणि १९७६ मध्ये तेच अशक्य वाटत होतं. क्रमांक विसरावेत. एका पंगतीत बसायची लायकी सिद्ध झाली, ती खरी.

नंतर

‘टाइम’च्या ७ जून १९७६च्या अंकात टेबरचा छोटा मजकूर आला. त्याआधीच अमेरिकेत बातमी पोचली होती. मॉण्टेलीनाचा मालक जिम बॅरेट त्या सहलीच्या गटातच होता. फ्रान्समध्ये जेवणाच्या टेबलावरून उठून फोन घ्यावा लागला तेव्हा त्याला कळलं. फ्रेंच वृत्तपत्रांनी कित्येक महिने दखल घेतली नाही, घेतली ती खिल्ली उडवत. कान बाईंनी नंतर टेस्टिंगवर जाहीर टीका केली. ज्या उत्पादकांकडून स्परियर माल घेत होता त्यांच्यातले काही जण त्याच्याशी तुटक वागू लागले. दोन्ही विजेत्या वाइनच्या बाटल्या आज वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

‘फ्रेंच वाइन सावकाश मुरते, तेव्हा बघा’ हा आक्षेप मात्र रास्त होता, आणि त्याची तपासणीही झाली. तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच लाल वाइन एकाच दिवशी नापामध्ये आणि लंडनला ‘बेरी ब्रदर्स अँड रड’ या १६९८ पासूनच्या वाइन दुकानात पुन्हा उघडल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या आल्या. पहिली रिजची १९७१ची माँटे बेलो, जी पॅरिसला पाचवी होती. स्टॅग्ज लीप दुसरी. मुरण्याचा मुद्दा उलटा पडला. आणि क्रमांक किती सरकतात तेही दिसलं.

व्हिस्कीच्या बाबतीत याचा एक भारतीय भाऊबंद आहे. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीचे संस्थापक राधाकृष्ण जगदाळे, कंपनी १९४८ची. त्यांचा नातू रक्षित २००० नंतर न्यूकॅसलला व्यवस्थापन शिकत असताना भारतीय सिंगल माल्ट ब्रिटनमध्ये खपेल का, हाच अभ्यासाचा विषय घेऊन बसला. स्कॉटलंडमधल्या बारमध्ये नाव न सांगता ती स्कॉचच्या रांगेत चाखायला दिली, आणि चाखणाऱ्यांनी ती स्कॉचच धरली. २००४च्या ऑगस्टमध्ये अमृत बाजारात आणली तीही ग्लासगोत, घरच्या बाजाराच्या आधी. बंगळुरूच्या हवेत पिंपातून वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त दारू उडून जाते, स्कॉटलंडात दोनेक टक्के. त्यामुळे तिथे बारा वर्षांत येणारा रंग-स्वाद इथे चार-पाच वर्षांत येतो. लेबलावरचं वय बघणारा ही बाटली परत खाली ठेवेल. पेला बघणारा ठेवणार नाही. जिम मरे या व्हिस्की समीक्षकाने आपल्या ‘व्हिस्की बायबल’च्या २०१०च्या आवृत्तीत अमृतच्या ‘फ्यूजन’ला जगातली तिसरी ठरवलं.

आपल्याकडे

महाराष्ट्रात स्परियरसारखं दुकानात बसून चाखवणं परवान्यातच बसत नाही. एफएल-२ परवान्याच्या दुकानातून सीलबंद बाटली विकायची. पिणं-पाजणं तिथे चालत नाही. म्हणून आपल्याकडे टेस्टिंग वायनरीत, नाहीतर परवाना असलेल्या हॉटेलात होतं. सुला वायनरीचे राजीव सामंत कॅलिफोर्नियात शिकून, तिथे नोकरी करून नाशिकला परतले आणि सोनोमाचे केरी डॅम्स्की यांना सल्लागार म्हणून बरोबर घेतलं. २००५ मध्ये त्यांनी गंगापूर धरणाच्या बाजूला टेस्टिंग रूम उघडली. आपला मोसमही वेगळा. पावसाळा सरताना गोडी छाटणी होते, काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. चाखायला जायचं तर तेव्हाच, मळ्यात गर्दी असते आणि टाक्यांत नवा रस आंबत असतो. पण वायनरीत फक्त तिचाच माल मिळणार, शेजारच्याचा नाही. तिथे तुलना होत नाही, ओळख होते. दोन्ही हवं असेल तर मधे दुकान लागतं.

मित्रमंडळींत घरी करायचं तर पॅरिसच्या चुका टाळता येतात. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे पंचवीस घोट निघतात, म्हणजे आठ-दहा जणांना एक बाटली पुरून उरते. व्हिस्की असेल तर दहा-पंधरा मिली बास, आणि धुरकट बाटली सगळ्यांत शेवटी, नाहीतर पुढचं सगळं तिच्याच वासाचं लागतं. वाइनला वय एकवीस, व्हिस्कीला पंचवीस, हा आपला कायदा. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोरा बांधायचा, ओतणाऱ्याने चाखायचं नाही. गुण लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. पहिल्याने ‘वा’ म्हटलं की बाकीच्यांची पेन्सिल तिकडे वळते. एकच वाइन दोन वेगळ्या बाटल्यांत भरून मधे सरकवावी, म्हणजे आपल्या जिभेचा अंदाज आपल्यालाच येतो. आणि बाटल्या सगळ्यांनी मिळून विकत आणाव्यात. कुणी एकाने आपल्या खोक्यातल्या आणल्या, तर पुन्हा सुरुवातीचा प्रश्न विचारावा लागेल.

स्परियरने ऐंशीच्या दशकात पॅरिसचं दुकान सोडलं, इंग्लंडला परतून वाइनवर लिहू-शिकवू लागला, आणि उतारवयात डॉर्सेटमध्ये स्वतःचा द्राक्षमळा लावून फेसाळ वाइन काढली. २०२१च्या मार्चमध्ये तो गेला.